लहानपणा दिसला पाहिजे

खालापूर तालुक्यातल्या एका औद्योगिक गाळ्यात लुबना नजे या अभियंता बाईंनी चार वर्षं खपून दोन मिलिमीटर लांब आणि जेमतेम दीड मिलिमीटर रुंद असा एक ऑसिलेटर तयार केला आणि नियमानुसार तो तपासणीसाठी सादर केला. पुढे जे घडलं त्यात कोणाचीही चूक नव्हती. तशी रीतसर चौकशी होऊन निष्कर्ष निघालेला आहे.

फोन असो, मनगटी घड्याळ असो, कानातलं श्रवणयंत्र असो, अशा प्रत्येक वस्तूला आपल्या पोटात एक ठेका लागतो. तो ठेका क्वार्ट्झची एक पातळ चकती धरते. वीज दिली की ती थरथरते आणि तिच्या थरथरीवर बाकीचं यंत्र आपली कामं वेळेत करतं. चकती एका सिरॅमिकच्या डबीत ठेवायची, आतली हवा काढायची, झाकण बसवायचं, की झाला ऑसिलेटर; मग ती डबी सर्किटच्या पाटीवर सपाट सोल्डर करायची, एवढंच काम. अडचण अशी की चकती जितकी लहान तितकी हट्टी. ती हलायलाच जास्त वीज मागते आणि छोट्या यंत्राचा सेल दुपारपर्यंत मान टाकतो. लुबनाने चकतीच्या कडा घासून उतरत्या केल्या, तिला धरणाऱ्या चिकट ठिपक्यांच्या जागा बदलल्या आणि तीनशेहून जास्त चकत्या फोडल्या. मग एके दिवशी एक चकती अगदी थोड्या विजेवर थरथरली आणि थरथरत राहिली. त्या दिवशी लुबना यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बघत तासभर तशीच बसली होती.

तिच्या हाताखाली, खरं तर तिच्या बरोबरीने, सहदेव म्हसे काम करायचा. तो कडावचा. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे श्वास रोखून चिमटा चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"ताई, जमलं गं!" तो म्हणाला. "आता फक्त कागद राह्यलेत."

फक्त कागदच राहिले होते. पुण्याची एक कंपनी लहान मुलांच्या कानात पूर्ण मावेल असं श्रवणयंत्र बनवत होती. तिला हाच ऑसिलेटर हवा होता, पण साठ दिवसांत प्रमाणपत्रासह. नाहीतर ते बाहेरच्या देशातला घेणार होते. देशी प्रमाणपत्र मिळत होतं सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भाग प्रोत्साहन कक्षात, कर्जतला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर.

नियमाप्रमाणे नमुना लाखेने सीलबंद केलेल्या कागदी पाकिटात द्यायचा होता. लुबनाने तसा दिला. नवव्या दिवशी तिला पत्र आलं. "आपण सादर केलेले पाकीट रिक्त असल्याचे निदर्शनास आले आहे. रिक्त पाकीट सादर करून कार्यालयाचा वेळ घेतल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा."

लुबना आणि सहदेव धावत कर्जतला गेले. आवक विभागात विनिता नावाच्या बाई होत्या. स्वभावाने चांगल्या. त्यांनी पाकीट उघडलं तेव्हा काहीतरी उडाल्यासारखं वाटलं होतं, पण त्यांना वाटलं, लाखेचा कपचा असेल. मग तिघांनी मिळून टेबलाखाली शोध घेतला. विनिताबाईंनाच तो सापडला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर उचलला, कागदावर ठेवला, चिकटपट्टी लावली, आवक क्रमांक टाकला आणि नमुना आत पाठवून दिला. लुबनाला बघूही दिला नाही, कारण सील झालेला नमुना अर्जदाराला दाखवता येत नाही.

अठराव्या दिवशी अहवाल आला. बाह्य स्वरूप : समाधानकारक. आकार : मर्यादेत. वारंवारता : शून्य. वास : किंचित खमंग. शेरा : नापास.

"खमंग?" लुबना म्हणाली.

सहदेवने अहवाल दोनदा वाचला. "ताई, त्यो तीळ हाय. इनिताबाई डब्यात तिळाची चटणी आणतात."

फेरतपासणीसाठी त्यांना कक्षाचे अधिकारी वाल्मिक गायकर यांच्यापुढे जावं लागलं. गायकरसाहेब प्रामाणिक होते, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी कधी कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. याआधी बारा वर्षं ते ट्रकचे टायर तपासत होते आणि त्यांनी पास केलेला टायर फुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. फक्त त्या सप्ताहात ते भेटले नाहीत, कारण कळंबच्या एका रिसॉर्टवर 'सूक्ष्मता : एक जाणीव' ही निवासी कार्यशाळा होती. ते परतले तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.

"तीळ नापास झाला यात आमची तपासणी किती कडक आहे तेच दिसतं," ते शांतपणे म्हणाले. "पण मूळ मुद्दा वेगळा आहे. तुमचा भाग दिसत नाही."

"साहेब, तो लहान आहे. लहान असणं हेच तर त्यातलं काम आहे."

"म्हणूनच आम्ही प्रोत्साहन देतोय, मॅडम. पण लहानपणा दिसला पाहिजे. शिवाय यावर उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि तक्रार क्रमांक कुठे आहे? नियम सहा. अक्षराची उंची किमान तीन मिलिमीटर."

"वस्तूच दोन मिलिमीटरची आहे."

"तो तुमच्या रचनेचा प्रश्न आहे. नियमाचा नाही."

लुबनाने मग एक तोडगा काढला. पोस्टकार्डाएवढ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मधोमध ऑसिलेटर बसवला आणि बाकीच्या जागेत नाव-पत्ता कोरून घेतला. गायकरसाहेबांना तो पाहून बरं वाटलं. त्यांनी पत्रा हातात घेऊन उलटासुलटा केला.

"आता कसं हातात आल्यासारखं वाटतंय. पाय किती?"

"पाय नाहीत, साहेब. हा पाटीवर सपाट बसणारा भाग आहे."

"रकाना नऊ : पाय, किमान दोन. पाय नाहीत तर उभा कसा राहतो?"

"बसतो."

"बसण्याचा रकाना नाही," गायकर म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

पत्र्याला चार पाय लावले. पाय लागल्यामुळे ती वस्तू 'उभारलेली विद्युत उपकरणे' या प्रकारात गेली आणि त्या प्रकाराला चारही बाजूंनी लोखंडी आवरण, कुलूप आणि धोक्याची पाटी लागते. चाळिसाव्या दिवशी लुबना आणि सहदेव मोहोपाड्याला जैतू फॅब्रिकेटरकडे गेले. जैतूने आयुष्यभर रसायनांच्या टाक्यांचे सांगाडे बनवले होते. त्याने नकाशा पाहिला.

"कपाट बनवून देतो. पन आत ठेवायचं काय हाय?"

सहदेवने तळहातावर दाखवलं.

जैतूने चष्मा वर केला, खाली केला. "काय नाय दिसत रं."

"तेच तर! दिसत नाय म्हणून कपाट."

घरी जाताना सहदेव म्हणाला, "ताई, चार वर्सं आपण एक-एक केसभर कमी करत आलो. आता चार दिवसांत एक कपाट वाढवलं. मला काय बरं वाटत नाय." लुबनालाही बरं वाटत नव्हतं. पण प्रमाणपत्र मिळालं की पत्रा, पाय, कपाट सगळं काढून टाकायचं आणि तेवढा ऑसिलेटर पुण्याला पाठवायचा, असं तिने ठरवलं होतं. शहाणी माणसं नियमापुढे मान तुकवताना असंच काहीतरी ठरवतात.

कपाट टेंपोतून कर्जतला आलं. पाच जणांनी दुसऱ्या मजल्यावर चढवलं. गायकरसाहेबांनी भोवती एक फेरी मारली, टायर बघायचे तशी बुटाने हलकेच ठोकर मारून पाहिली आणि मान हलवली.

"मजबूत आहे. पण अर्ज तुम्ही 'सुवाह्य' गटात केलाय. सुवाह्य म्हणजे सहज इकडून तिकडे नेता येणारं. हे वर आणायला पाच माणसं लागली, माझ्या डोळ्यांदेखत."

"आतला भाग खिशात मावतो, साहेब!"

"आतल्या भागाचा अर्ज आलेला नाही. अर्ज पूर्ण वस्तूचा आहे." ते जरा विचारात पडले. त्यांना मनापासून मदत करायची होती. "चाकं लावता येतील?"

चाकं लावली. चाकं लागल्यावर ब्रेक लागला. ब्रेक लागल्यावर तो दाबणारी जबाबदार व्यक्ती लागली, आणि प्रशिक्षित चालक म्हणून सहदेवचं नाव, फोटोसह, कपाटाच्या दारावर लावण्यात आलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी गायकरसाहेबांनी कपाट एका बोटाने ढकललं. ते दोन फूट सरकलं आणि थांबलं. साहेबांनी सही केली.

एवढंच झालं असतं तर बरं होतं. पण कक्षाने त्या वर्षी मंजूर केलेला तो एकमेव भाग होता, म्हणून त्याला 'उत्कृष्ट संक्षिप्त रचना' हा पुरस्कारही मिळाला. कपाटाला हार घातला. गायकरसाहेब भाषणात भावुक झाले. "नजे मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं उत्पादन डोळ्यांना दिसतही नव्हतं," ते म्हणाले. "आज बघा!" लोकांनी बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. लुबना शाल सावरत उभी होती. तिला हसू येत होतं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. वार्ताहरांनी ते आनंदाश्रू असल्याचं लिहून घेतलं.

घोटाळा प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला होता. "हे प्रमाणपत्र तपासलेल्या स्वरूपातील नमुन्यासच लागू राहील." म्हणजे प्रत्येक ऑसिलेटरसोबत कपाट, चाकं आणि सहदेव. पुण्याच्या कंपनीत खरेदीचं काम बघणाऱ्या रियाने पहिल्या मालाचं वर्णन वाचलं आणि फोन केला.

"लुबनाताई, हे आम्ही चार वर्षांच्या मुलीच्या कानात घालायचंय."

"माहीत आहे."

"मग आम्ही बाहेरचाच घेतो. बाहेरून आलेल्या भागाला ही तपासणीच नाही. परिपत्रक आहे तसं : परदेशातून येणारे भाग लहान असणे अपेक्षितच असल्याने सूट देण्यात येत आहे."

लुबनाने फोन ठेवला. मग तिने दुबईत व्यापार करणाऱ्या चुलतभावाला, हमदानला, फोन लावला. ऑसिलेटर ओळीने बसवलेलं एक रीळ खालापुरातून दुबईला गेलं, हमदानच्या गोदामात चार दिवस राहिलं आणि 'दुबईहून आलेला माल' अशी पट्टी लावून पुण्याला पोचलं. पट्टीवर एकही अक्षर खोटं नव्हतं. मुंबईच्या बंदरावर कोणी पाय मोजले नाहीत.

श्रवणयंत्रं तयार झाली. पहिलं यंत्र लावलेल्या मुलीची चित्रफीत रियाने पाठवली. आईने मागून हाक मारल्यावर ती गर्रकन वळली, आणि मग आई थकेपर्यंत पुन्हा पुन्हा पाठ फिरवून हाक मारायला लावत राहिली. सहदेवने ती चित्रफीत गाळ्यात सात वेळा पाहिली आणि चिमटा उचलून कामाला लागला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दोन महिन्यांनी लुबना कर्जतला इद्रिसच्या औषधांच्या दुकानात उभी असताना एक गृहस्थ वडिलांसाठी श्रवणयंत्र बघत होते. सुशिक्षित, बोलायला मोकळे. इद्रिस लुबनाच्या माहेरचा, त्याने कौतुकाने पुण्याच्या त्याच कंपनीचं मोठ्यांसाठीचं यंत्र पुढे केलं. गृहस्थांनी ते कानाशी धरलं, आवाज ऐकला, खूश झाले.

"आतली मशीन बाहेरची आहे ना?"

"दुबईवरून येते, साहेब," इद्रिस म्हणाला.

"मग द्या. आपल्याकडे एवढं बारीक काम कुठे जमतंय? आपल्या सरकारी लोकांनी कोणाला काही करू दिलं तर ना!" आणि त्यांनी सरकारी कारभाराचा एक फर्मास किस्सा सांगितला. इद्रिस खळखळून हसला. लुबनाही हसली.

मग न राहवून ती म्हणाली, "काका, आतला भाग मी केलाय. इथेच, खालापूरला."

गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या यंत्राकडे पाहिलं. मग ते अलगद काउंटरवर ठेवून इद्रिसला म्हणाले, "जरा दुसरं दाखवा. ओरिजिनल."

गृहस्थांचं नाव इथे देत नाही. ही गोष्ट वाचताना ते गायकरसाहेबांना पोट धरून हसले, आणि आत्ता या ओळीपाशी जरा थबकले आहेत.