मुखपृष्ठावरचं अस्वल

"राइली, हातातलं सगळं टाक आणि इकडे ये!" एन्सियो केम्पाइनेन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ओरडला.

राइली ओले हात पुसत आली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक भलीमोठी मीनघार पाण्यातून वर उसळत होती. पंख पसरलेले, थेंब हवेत उडालेले आणि पंज्यात तडफडणारा ट्राउट.

"छान आलाय," राइली म्हणाली. "म्हणजे मासा गेलाच ना?"

"मासा काय घेऊन बसलीस! फोटो बघ फोटो!"

"बघितला की. मग आज काय, फोटो तळायचा?"

राइलीचंही काही चुकत नव्हतं. एन्सियो आमच्या गावचा पोस्टमन. सुट्टी मिळाली की एका खांद्यावर गळ आणि दुसऱ्यावर कॅमेरा घेऊन निघतो. दोन्ही छंद एकदम केल्यामुळे दोन्हींचे हाल होतात. काठावर हरीण पाणी प्यायला येतं तेव्हा याच्या गळाला मासा लागलेला असतो, आणि मासा लागतो तेव्हा हा पोटावर पडून बदकाचे फोटो काढत असतो. या वेळी मात्र गळाची काठी गुडघ्यांत दाबून त्याने कॅमेरा उचलला, मासा गळातून सुटला आणि वरून घार आली. घारीनं उचलला तो आपलाच मासा, असं एन्सियो छातीठोकपणे सांगतो. माशाला विचारायची सोय नाही.

"या वर्षी मुखपृष्ठ माझं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क कापला.

आमच्या मासेमारी मंडळाचं दरवर्षी कॅलेंडर निघतं. गेली नऊ वर्षं त्याच्या मुखपृष्ठावर अध्यक्ष ताइस्तो हुओविनेन आणि त्याने पकडलेला पाईक मासा झळकतोय. मासा मोठा दिसावा म्हणून ताइस्तो तो हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकाशी धरतो. एन्सियोची मजल फार तर नोव्हेंबरच्या पानापर्यंत गेली होती. आमच्याकडे नोव्हेंबरात दिवस कधी उजाडतो नि कधी मावळतो पत्ता लागत नाही. त्या पानाकडे बघायचं तर दिवा लावावा लागतो. निवृत्त व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा मुखपृष्ठावर आपला फोटो यावा, एवढंच या माणसाचं मागणं होतं.

मंडळाची सभा शनिवारी दुपारी भरली. कॉफी झाली, वेलचीचा गोड पाव झाला आणि फोटो भिंतीवर दाखवायला सुरुवात झाली. एन्सियोची घार आली तशी सगळ्यांनी कप खाली ठेवले. ताइस्तोने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि तो भिंतीजवळ गेला.

"अरे, हे काय?" त्याने कोपऱ्यात बोट ठेवलं. "मागे, दलदलीच्या कडेला. हे तपकिरी."

सगळे पुढे सरसावले. घारीच्या मागे पाणी होतं, पाण्यामागे दुभंगलेल्या शेंड्याचं एक झाड, आणि कोपऱ्यात खरंच काहीतरी तपकिरी, केसाळ, पाठ वर करून उभं होतं.

"अस्वल!" ताइस्तो ओरडला. "मासा, घार आणि अस्वल! एकाच फोटोत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एन्सियोने ते अस्वल त्याच क्षणी, सगळ्यांबरोबरच, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. खरं म्हणजे तिथेच "मला काही माहीत नाही बुवा" म्हणून मोकळं व्हायचं. पण नऊ वर्षं टाळ्यांची वाट पाहिलेल्या माणसाला ते कसं सुचावं?

"हो, म्हणजे... त्याच्यासाठीच थांबलो होतो," एन्सियो म्हणाला.

"किती वेळ?"

"दोन तास."

"आणि घाबरला नाहीस?"

"सवय असते," एन्सियो म्हणाला आणि कॉफीच्या कपात तोंड लपवलं.

मुखपृष्ठ एकमताने एन्सियोला मिळालं. ताइस्तोनेही हात वर केला, जरा सावकाश केला, पण केला. मग त्याने खिशातून एक फॉर्म काढला. आमच्या भागात कोणाला अस्वल किंवा लांडगा दिसला तर त्याची नोंद ताइस्तोच करतो.

"हं, जागा सांग," तो म्हणाला.

एन्सियोने कप खाली ठेवला. आमच्याकडचा माणूस घराचं दार उघडं टाकून महिनाभर परगावी जाईल, पण मासा कुठे लागतो आणि हिल्ला कुठे पिकते हे सांगणार नाही. हिल्ला म्हणजे दलदलीत येणारी नारिंगी बेरी; तिच्या जागांवरून इथे सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "पलीकडे." कशाच्या पलीकडे, ते विचारायची पद्धत नाही.

"पलीकडे," एन्सियो म्हणाला.

"अरे बाबा, फॉर्मवर पलीकडे लिहिता येत नाही."

"कोर्पियार्वी तळ्याच्या पलीकडे."

"तिथली झाडं गेल्या हिवाळ्यातच तोडली. तुझं अस्वल तर चांगलं झाडीत उभं आहे."

"त्याच्याही पलीकडे."

"बरं," ताइस्तो म्हणाला. "उद्या सकाळी मला घेऊन चल. पंजाचे ठसे मोजून घेऊ. ठसे असले तर मुखपृष्ठ. उगाच झाडाचं खोड अस्वल म्हणून छापलं तर शेजारची मंडळं वर्षभर हसतील."

घरी येऊन एन्सियोने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. अस्वलाच्या पायात हिरवे रबरी बूट होते. शेजारी पांढरी बादली होती. आणि अस्वलाच्या कोपरापाशी जे ठिगळ होतं, ते त्याने घरात खुंटीवर लटकताना शंभरदा पाहिलं होतं. सासऱ्यांच्या जुन्या केसाळ कोटाचं ते ठिगळ. सासरे वारल्यापासून डास चावू नयेत म्हणून तो कोट सासूबाई घालतात.

सासूबाई, म्हणजे लेंपीबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून हिल्ला निवडत होत्या.

"सासूबाई," एन्सियो हळूच म्हणाला, "गेल्या मंगळवारी सकाळी कुठे गेला होतात?"

"पलीकडे. आणि तू?"

"मीही पलीकडेच."

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. लेंपीबाईंनी आधी चष्म्याशिवाय पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"अगं आई गं! ते झाड दिसतंय की रे!"

"सासूबाई, लोक तुम्हाला अस्वल समजतायत."

"समजू देत! अस्वल काय, हत्ती म्हण! पण झाड दिसतंय त्याचं काय? साठ वर्षं झाली, साठ! माझ्या पोटच्या पोरीला सांगितली नाही ती जागा, आणि तू भिंतीवर लावून दाखवलीस?" त्या थांबल्या. डोळे बारीक झाले. "एक मिनिट. तू तिथे काय करत होतास?"

"मासे पकडत होतो. झऱ्याच्या डोहात. चौदा वर्षं झाली."

"चौदा! म्हणजे ती छपछप तुझी? मी समजत होते तिथे बांध घालणारा बीव्हर राहतो!"

"आणि झाडामागून गाण्याचा आवाज यायचा तो तुमचा? मला वाटायचं क्रौंच पक्षी आहे. मी त्याचा फोटो काढायला तीन उन्हाळे घालवलेत, सासूबाई!"

मग लेंपीबाई म्हणाल्या, "फोटो परत घे."

एन्सियोने लॅपटॉप मिटला आणि त्यावर हात ठेवून बसला. बत्तीस वर्षं पोस्टाची पत्रं वाटलेला हा आडदांड माणूस, त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. लेंपीबाईंनी ते पाहिलं आणि दोन-तीन बेऱ्या उगाचच पुन्हा निवडल्या.

"एवढं मनात आहे?" त्यांनी विचारलं.

"नऊ वर्षांपासून. आणि उद्या ताइस्तो अस्वलाचे ठसे मोजायला येतोय."

"मग असं कर. त्या ताइस्तोला उद्या भलतीकडे फिरव. इतकं फिरव की ठशांचं नावसुद्धा काढणार नाही. मी पहाटेच जाऊन सगळी हिल्ला खुडून आणते. उरलंच काही तर अस्वलाला."

दुसऱ्या दिवशी एन्सियोने ताइस्तोला खरोखर भलतीकडे फिरवलं. आधी उत्तरेला, मग गुडघाभर चिखलातून पूर्वेला, मग एकाच टेकडीला दोनदा वळसा घालून दक्षिणेला. ताइस्तोबरोबर त्याची करडी कुत्री तेस्सू होती. दोन तासांनी ताइस्तो एका दगडावर बसला आणि बुटातलं पाणी ओतू लागला.

"तुझ्या या अस्वलाला फार चालायची हौस दिसते," तो म्हणाला.

"दमला असशील तर घरी जाऊ," एन्सियो आशेने म्हणाला.

तेवढ्यात तेस्सूने नाक वर केलं, शेपटी हलवली आणि ती चालू लागली. हुंगत नाही, शोधत नाही. माणूस कामावरून घरी निघतो तशी सरळ निघाली. ओढा जिथे अरुंद आहे तिथेच तिने उडी मारली, पडलेल्या झाडाखालून बरोबर वाकून गेली, आणि दोघं धापा टाकत मागे. ती आपल्या डोहाकडेच चाललीय हे लक्षात आलं आणि एन्सियोचा चेहरा उतरला. गंमत म्हणजे ताइस्तोचाही चेहरा पडत चालला होता.

"तेस्सू! मागे फिर! इकडे ये म्हणतो ना!" ताइस्तो ओरडत होता.

"अस्वलाच्या मागावर चाललीय, जाऊ दे की," एन्सियो म्हणाला.

झाडी संपली. समोर डोह, डोहामागे दुभंगलेलं झाड आणि दलदलीत पाठ वर करून ओणवी उभी असलेली केसाळ तपकिरी आकृती. ताइस्तो जागच्या जागी थिजला. मग त्या आकृतीने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि मागे वळून पाहिलं.

"या," लेंपीबाई म्हणाल्या. "आता मोजा ठसे. सदतीस नंबरचा बूट आहे."

ताइस्तोने कोट पाहिला, बूट पाहिले, बादली पाहिली. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरू लागलं. नऊ वर्षांचं मुखपृष्ठ परत मिळतंय हे त्याला दिसू लागलं होतं.

"एन्सियो," तो म्हणाला, "दोन तास वाट पाहिलीस म्हणे. सासूबाईंची?"

एन्सियो मान खाली घालून उभा राहिला. पण तेस्सू थांबली नव्हती. ती काठावरच्या फांद्यांच्या ढिगापाशी गेली, नाकाने दोन फांद्या बाजूला सारल्या आणि आत शिरली. ढिगाखाली एक हिरवी होडी होती. तेस्सू होडीत चढली, मागच्या फळीवर अंथरलेल्या घोंगडीवर दोन गिरक्या मारल्या आणि पडून राहिली.

"ही होडी कुणाची?" लेंपीबाईंनी विचारलं.

ताइस्तो आकाशाकडे बघू लागला.

"त्या घोंगडीवर तुझ्या कुत्रीचे केस आहेत, ताइस्तो."

"करडी कुत्री पुष्कळ असतात, लेंपीमावशी."

"घोंगडीवर हुओविनेन असं भरतकाम केलेलं आहे. तुझ्या आईच्या हातचं. मी ओळखते."

एन्सियोने मान वर केली. "तू तर सगळे पाईक मोठ्या सरोवरात पकडतोस ना? दरवर्षी सांगतोस. मी त्या सरोवरावर किती रविवार फुकट घालवले माहितीय?"

"तुझ्याआधीपासून येतो मी इथे," ताइस्तो पुटपुटला. "होडी घेऊन पलीकडच्या काठाला जातो. इकडून छपछप ऐकू यायची. मला वाटायचं पाणमांजर आहे. आणि भिंतीवर अस्वलापुढे या झाडाकडे लक्षच गेलं नाही."

लेंपीबाई सगळ्यात आधी हसल्या. मग एन्सियो हसला, आणि दोघांचं हसू थांबेना म्हटल्यावर ताइस्तोचाही नाइलाज झाला. तिघं होडीच्या काठावर बसून पोट धरून हसले, आणि तेस्सू हे काय चाललंय म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता फॉर्मवर काय लिहिणार?" हसून झाल्यावर एन्सियोने विचारलं.

ताइस्तोने फॉर्म खिशातून काढला, क्षणभर पाहिला आणि त्याची गुंडाळून पुडी केली. लेंपीबाईंनी ती हिल्लांनी भरून दिली. सरकारी कागदाचा असा चांगला उपयोग आमच्या गावात पहिल्यांदाच झाला असावा.

"गावात काही बोलायचं नाही," ताइस्तो तोंडात बेरी टाकत म्हणाला. "अस्वल आहे म्हटल्यावर इकडे कोणी फिरकणारही नाही. पण फोटोत जागा ओळखू येते, त्याचं बघावं लागेल."

"तू बघ," एन्सियो म्हणाला. "जागा दिसू देऊ नकोस. बाकी काय हवं ते कर. मुखपृष्ठावर माझं नाव आलं की झालं." आनंदाच्या भरात माणूस काय बोलून जातो त्याला नेम नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मंडळाच्या सभागृहात कॅलेंडरं आली. एन्सियोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. राइली शेजारी, लेंपीबाई पलीकडे. ताइस्तोने गठ्ठ्याची दोरी सोडली आणि पहिली प्रत एन्सियोच्या हातात दिली.

मुखपृष्ठावर दुभंगलेलं झाड नव्हतं. डोह नव्हता. झाडाच्या बरोबर पुढे होती म्हणून घारही नव्हती, आणि घारीबरोबर मासाही गेला होता. उरला होता तो कोपरा. पानभर मोठा केलेला, जरासा धुरकट. दलदलीत ओणवं उभं असलेलं तपकिरी, केसाळ, प्रचंड काहीतरी. त्याचे पाय मंडळाच्या नावाच्या जाड अक्षरांखाली झाकलेले. आणि खाली ठसठशीत: छायाचित्र, एन्सियो केम्पाइनेन.

"काय जनावर आहे!" मागून कोणीतरी म्हणालं. लोक एन्सियोची पाठ थोपटत होते, हस्तांदोलन करत होते. एन्सियो हात पुढे करत होता, पण त्याचे डोळे पानावर घार शोधत होते.

तेवढ्यात लेंपीबाई पुढे आल्या. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं, चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं आणि मान तिरकी करून पुष्कळ वेळ निरखलं. मग जावयाच्या कानाशी वाकून, जन्मात कधी बोलल्या नव्हत्या इतक्या मायेने त्या म्हणाल्या,

"एन्सियो, लग्नापासून तू माझे किती फोटो काढलेस! पण इतकी चांगली मी एकाही फोटोत आले नव्हते रे."