आत्तींचं सनसेट डिनर

या खेपेला मुंबईला जाताना डबा न्यायचा नाही, असा निर्णय मी घेतला. अकरा वर्षांच्या संसारात मी स्वतःच्या बुद्धीनं घेतलेला हा दुसरा निर्णय. (पहिला स्कूटरच्या रंगाचा. तो आठवड्यात फिरवावा लागला.)

डब्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आम्ही सांगलीचे जैन. आम्ही प्रवासाला निघालो की माणसं दोन आणि डबे पाच असतात. चपात्यांची चवड, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, पुन्हा वाटेत लागल्या तर आणखी दशम्या. आणि मुंबईत उतरायचं ते माझ्या बायकोच्या, गुणमालाच्या, चुलतमामांच्या दीड खोलीत. गेल्या खेपेला मी तिथं शिलाईच्या मशीनखाली झोपलो होतो. पहाटे मामी परकर शिवायला बसल्या, तेव्हा मला जाग आली.

म्हणून जानेवारी शहाण्णवमध्ये, सोसायटीच्या ऑफिसातून रजा मंजूर होताच, मी घरात जाहीर केलं, "यंदा दोन दिवस हॉटेलात राहायचं. ताटात गरम पडेल ते खायचं. डबा बंद!"

गुणमालानं माझ्याकडं असं पाहिलं की मला लग्नाचा पहिला महिना आठवला. मग ती म्हणाली, "आईलाही नेऊया हो. तिनं समुद्र बघितला नाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, समडोळीच्या हरणाबाई. मी त्यांना आत्ती म्हणतो. आत्तींचे नेम कडक. कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काहीही वर्ज्य. पाणी फडक्यानं गाळूनच. आणि सूर्य बुडाला की तोंड बंद. (खाण्यापुरतं. बोलण्याला सूर्याची अट नाही.)

"आणि आईच्या जेवणाचं?" गुणमालानं विचारलं.

"मुंबई आहे ती! मागू ते मिळतं," मी म्हणालो. हे वाक्य मी कुठून आणलं, कुणास ठाऊक.

हॉटेल आठ मजली होतं. खोलीत गेल्या गेल्या आत्तींनी नळाला फडकं बांधलं. मी सीलबंद बाटलीतलं पाणी दिलं, तेही गाळून घेतलं. लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "लय गरगरतंय बाई," आणि लिफ्ट चालवणारा माणूस एकदम मागं वळला.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

हा मानसिंग. कडेगावचा. पंधरा वर्षं मुंबईत, पण 'लय' कानावर पडलं की आतून हलणारा. आपल्याकडचा माणूस भेटल्यावर मला धीर आला. इतका, की पावणेसहाला आम्ही खालच्या रेस्टॉरंटमध्ये अगदी ऐटीत जाऊन बसलो.

"डिनर सात बजे," वेटर म्हणाला.

"सातला सूर्य कुठं असतो?" मी विचारलं.

वेटरनं हा प्रश्न आतल्या माणसाला विचारला. आतला माणूस बाहेर येऊन मला बघून गेला. मग सँडविच निघालं, त्यात बटाटा. कटलेट निघालं, तर ते बटाट्याचंच. शेवटी बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची पावभाजी करून देतो म्हणाले. ती टेबलावर आली तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

आत्तींनी हात जोडले. "ऱ्हाऊ दे. तुमी जेवा की जावईबापू. आमचं काय, सवय हाय."

सासू समोर उपाशी बसलेली असताना कुठला जावई पावभाजी खाईल? माझ्या तोंडातून निघून गेलं, "छे छे! मीसुद्धा रात्री जेवत नाही."

गुणमालाचा पावाचा घास हातातच राहिला. सांगलीच्या स्टँडसमोर रात्री नऊला उभं राहून मी काय काय खातो, याची ती एकमेव साक्षीदार. पण समडोळीला सगळेच दिवसाउजेडी जेवतात, त्यामुळं आत्तींना ते कधी कळलंच नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले. "अकरा वर्सं झाली, कवा बोलला न्हाईसा!"

त्या रात्री आमच्या तिघांच्या खोलीत मऊ गादी होती, थंड हवेचं मशीन होतं आणि चोवीस तास जेवण मागवायचा फोन होता. मी त्या फोनकडं तोंड करून झोपलो.

सकाळी मी थेट मॅनेजरच्या काउंटरवर गेलो. मुंबईच्या मॅनेजरशी इंग्रजीत बोलावं, असा माझा समज. आमच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं मीच लिहितो.

"सर, वुई वॉन्ट डिनर. सनसेट. व्हेरी इम्पॉर्टंट!"

मॅनेजरचा चेहरा उजळला. "ओ, सनसेट डिनर! फॉर टू, सर?"

मी हिशेब केला. सूर्यास्ताआधी जेवणार त्या आत्ती आणि (आता इलाज नव्हता) मी. गुणमाला कधीही जेवू शकते. "येस. टू."

"स्पेशल ओकेजन?"

"छे, रोजचंच आहे."

"रोज!" त्यानं माझ्याकडं आदरानं पाहिलं. "व्हेरी लकी मॅडम."

"मॅडम नाही. मदर-इन-लॉ."

मॅनेजरचं पेन थांबलं. "आप... और मदर-इन-लॉ?"

"मेनली फॉर हर," मी समजावलं.

तो बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला. मग हळूच म्हणाला, "टेरेसपे, सर?"

"जिथं सूर्य दिसेल तिथं."

"म्युझिक चलेगा?"

"चालेल. पण कांदा-लसूण नको."

"म्युझिकमें?"

"जेवणात!"

काम फत्ते झालं म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. आत्तींना समुद्र दाखवला. त्या कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "आगं बया, केवढं पानी! ह्ये गाळायचं म्हटलं तर फडकं किती लागंल गं, गुणे?" शिवाय पेपरात मी त्या दिवसाचा सूर्यास्त बघून ठेवला होता. सहा वाजून बावीस मिनिटं.

पावणेसहाला मानसिंगनं आम्हाला गच्चीवर सोडलं आणि तोही गंमत बघायला थांबला. पाहतो तर एक गोल टेबल, पांढरंशुभ्र कापड आणि दोनच खुर्च्या. मध्ये लाल गुलाब. काचेच्या भांड्यात मेणबत्ती. दोन हातरुमाल असे दुमडलेले की दोन राजहंस एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. बाजूला काळा कोट घातलेला एक माणूस व्हायोलिन घेऊन उभा.

मॅनेजरनं वाकून खुर्ची ओढली. "प्लीज, मॅडम." आत्ती खुर्चीवर मांडी घालून बसल्या. दुसऱ्या खुर्चीवर मी. गुणमाला उभीच.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"तू नंतर सावकाश..." मी म्हणालो. तिनं गुलाबाकडं पाहिलं, हंसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन नको.

व्हायोलिनवाला आत्तींच्या कानाशी येऊन वाजवू लागला. आत्ती थोडं मागं सरकल्या. "जावईबापू, हितं कुनाचं लगीन हाय?" मग त्याच्याकडं निरखून म्हणाल्या, "ह्यास्नी वाढा आदी. लय वाळल्यात."

सूप आलं. आत्तींनी चमचा घातला तर गाजर. गाजर जमिनीखालचं, त्यामुळं सूप परत गेलं. सहा वाजले. सहा वाजून पाच झाली. पुढं काहीच येईना. मॅनेजर पश्चिमेकडं बघत हसतमुख उभा.

"जेवण?" मी विचारलं.

"मेन कोर्स एक्झॅक्टली सिक्स ट्वेंटी-टू, सर! उधर सन गया, इधर ढक्कन खुला. दॅट इज द रोमान्स!"

मी खुर्चीवरून ताडकन उठलो. "अहो, रोमान्स नको, भात आणा! सूर्य जायच्या आत भात आणा!"

मॅनेजरला काही कळेना. पण मानसिंगला कळलं. तो कडेगावचा. "आवं सायेब, ही जैनाची मानसं! दिस बुडायच्या आत जेवत्यात!" असं ओरडत तो लिफ्टकडं पळाला आणि सहा वाजून बारा मिनिटांनी, खाली तयार होतं तेवढं ताटात घेऊनच उगवला. पुऱ्या, घेवड्याची भाजी, वरण, भात. आत्तींनी हात जोडून पहिला घास उचलला आणि तो तसाच थांबला.

समोर एक उंच इमारत बांधायला काढली होती. सूर्य तिच्यामागं गेला.

"बुडाला," आत्ती म्हणाल्या.

"बुडाला नाही, आत्ती! पेपरात सहा बावीस दिलंय!"

"पेपरवाल्यानं बगितला आसंल. मला न्हाई दिसत."

त्यांनी घास ताटात ठेवला. त्या काही रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. चौसष्ट वर्षांची बाई, जन्मात पहिल्यांदा समुद्र बघायला आलेली, आणि माझ्या एका ऐटीपायी दुसऱ्या रात्री उपाशी राहणार होती. गुणमाला माझ्याकडं न बघता म्हणाली, "डबा आणला असता तर."

"थांबा, थांबा!" मानसिंग गच्चीच्या कोपऱ्यातून ओरडला. "पान्याच्या टाकीवरनं दिसंल! बिल्डिंगीच्या बगलंनं!"

टाकी चांगली दहा-बारा फूट उंच, तिला लोखंडी शिडी. आत्तींनी अशा ठिकाणी चढणं कसं धोक्याचं आहे, हे मी सांगायला वळलो तर आत्ती चौथ्या पायरीवर होत्या. काष्टा घट्ट मारलेला. "कडब्याच्या गंजीवर चढतोय आमी. ह्येला काय हुतंय!" वर जाऊन त्यांनी टाकीच्या झाकणाशेजारी मांडी घातली आणि पश्चिमेकडं बघून आनंदानं ओरडल्या, "हाय! हाय की! ताट आना!"

मग जी धांदल उडाली ती काय सांगू? मी शिडीच्या मध्यावर. मॅनेजरनं खालून शिडी धरलेली. व्हायोलिनवाल्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, त्यामुळं तो वाजवतच होता, आणि आमची घाई बघून त्याचा हातही जोरात चालायला लागला. आत्ती वरून "पुरी!" म्हणत. मी खाली "पुरी!" म्हणे. मॅनेजर एका हातानं पुरी वर देई आणि "वन पुरी, सर!" म्हणे. मानसिंग पलीकडच्या पाइपवरून टाकीएवढा उंच चढून सूर्याची खबर देत होता.

"हातभर हाय! जेवा निवांत!"

"भाजी!"

"वीतभर ऱ्हायला!"

"भात! भात द्या आधी!"

"चार बोटं!"

आत्ती भराभर पण समाधानानं जेवत होत्या. मध्येच त्यांनी खाली वाकून पाहिलं. "जावईबापू, तुमीबी खावा की! तुमचाबी नेम हाय न्हवं?"

पण एका हातात शिडी, दुसऱ्या हातात वरणाची वाटी. खायला तिसरा हात आणायचा कुठून? शेवटी आत्तींनी वाटी घेतली, माझा हात मोकळा झाला. मॅनेजरनं दिलेली गरम पुरी मी दुमडली, भाजीत बुडवली, तोंड उघडलं...

"बुडाला!" मानसिंगनं आरोळी ठोकली.

मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. (सूर्य बुडाला की पाहुणे टाळ्या वाजवतात म्हणे.) मी वर पाहिलं. आत्ती हात पुसत माझ्याकडंच बघत होत्या.

"टाका ती पुरी खाली. न्येम म्हंजी न्येम," त्या मायेनं म्हणाल्या.

मी पुरी खाली दिली. मॅनेजरनं ती बशीत ठेवली. मग त्याला आठवण झाली की ऑर्डरप्रमाणं मेन कोर्स अजून वाढायचाच आहे, आणि टेबलापाशी गुणमाला उभी आहे. त्यानं वाकून खुर्ची ओढली. गुणमाला बसली. मेणबत्ती पेटली, ढक्कन उघडलं. पनीर आलं, मटाराचा पुलाव आला, केशरी श्रीखंड आलं. व्हायोलिनवाला तिच्यापाशी उभा राहून हळुवार काहीतरी वाजवू लागला.

मी खाली उतरायला लागलो तर वरून आवाज आला, "हितंच थांबा. मी घसरले तर धराया कोन हाय? वारं लय ग्वाड सुटलंय, जरा बसते."

मग मी शिडीवर थांबलो. डोक्यावर तृप्त सासू, पायाखाली श्रीखंड खाणारी बायको. माझी नजर त्या बशीतल्या पुरीवर होती. थोड्या वेळानं ती मानसिंगनं खाल्ली.

त्या डिनरमध्ये फोटोही धरलेला होता. एक माणूस वर आला, त्यानं लख्ख उजेड पाडला आणि गेला. पंधरा दिवसांनी फोटो टपालानं सांगलीला आला. गुणमालानं त्याला चौकट करून तो बाहेरच्या खोलीत लावला. आता आल्यागेल्याला आधी तो दाखवला जातो. मेणबत्तीच्या उजेडात गुणमाला फारच छान दिसते. व्हायोलिनवालाही छान आलाय. मागं टाकीवर आत्ती बसल्यात, गिरनारची यात्रा करून आल्यासारख्या प्रसन्न.

परवा शेजारच्या आक्काताई आल्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून फोटो नीट पाहिला आणि बोट टेकवून विचारलं, "ह्यो शिडीवर लोंबकळतोय त्यो कोन गं?"

"तो होय," गुणमाला म्हणाली. "हॉटेलचा प्लंबर. ऐन जेवणाच्या वेळेला टाकीवर चढला होता बघा."