मागेल त्याला अक्षर

कार्त्यायनी टीचर गेल्याची बातमी पसरली त्या दिवशी ओसरीवर माणसं मावेनात. जो येई तो काहीतरी बोले आणि तिचा नवरा वेलुक्कुट्टी नुसती मान हलवी. त्यातच कुणीतरी म्हणालं, "विजयादशमीला पोरांना पहिलं अक्षर आता तुम्हीच द्यायचं हं." वेलुक्कुट्टीने त्यालाही मान हलवली.

विजयादशमीच्या सकाळी दार उघडतो तो अंगणात पोरं, आया आणि तांदळाची ताटं! त्या तांदळात पोराचं बोट धरून 'हरि श्री गणपतये नमः' लिहायचं. टीचरने साक्षरता वर्गात अख्खं गाव शिकवलं होतं, फक्त घरचा आचारी, हा तिचा नवरा, कोरा राहिला होता. लग्नाच्या पंगती तो एकटा उठवायचा, पण बायकोच्या वर्गात बसायची लाज. आज हे उघडं पडलं, तर लोक हसणार ते टीचरला.

"हात दुखतोय," तो म्हणाला.

"एका बोटाचं तर काम, वेलुएट्टा! पायसमचं पातेलं ढवळायचंय का?" शेजारची जमीला म्हणाली. ती त्याला 'एट्टा', म्हणजे दादा, म्हणे. तीही टीचरच्याच हाताखाली शिकलेली.

मग त्याला बायकोचं बोलणं आठवलं आणि जिवात जीव आला. "टीचर काय म्हणायची? पोराचं बोट ओढायचं नाही. त्याने मागितलं तरच अक्षर द्यायचं. बसा गप!"

"अगदी टीचरच बोलतेय!" सगळे हरखले.

पहिली अम्मिणी, तीन वर्षांची. ती त्याच्या मांडीवर बसली. तिने तांदूळ खाल्ले, उधळले, कोंबड्यांना घातले. मुहूर्त टळत आला. तिचे आजोबा तडकले, "ही मागेपर्यंत हिचं लग्न होईल!"

'मागू नकोस गं बाई,' वेलुक्कुट्टी मनात विनवत होता.

अम्मिणीने बोट पुढे केलं. "लिहायला शिकव."

त्याने तिचं बोट धरलं आणि सोडलं. "मला नाही येत गं."

"मला पण नाही," अम्मिणी म्हणाली आणि जमीलाकडे वळली. "आम्हाला शिकव."

कुणी हसलं नाही. जमीला जवळ येऊन बसली. "टीचरने नाही शिकवलं?"

"ती वाट बघत होती. मीच मागितलं नाही."

जमीलाने पदराने डोळे टिपले आणि दोघांची बोटं एकदम धरली. अम्मिणीचं बोट सरळ चाललं. आचाऱ्याचं गोल गोल फिरू लागलं.

"वेलुएट्टा, ढवळू नका, लिहा!"

'हरि श्री' झालं आणि अम्मिणी मांडीवरून उतरून खेळायला पळाली. वेलुक्कुट्टीचं 'गणपतये नमः' अजून लिहायचं राहिलंय.