अकरा मिनिटांचा फेटा

रविवारी सकाळी दहा वाजता संतोषने आपल्या सख्ख्या बहिणीचं लग्न पुसून टाकलं. त्यासाठी त्याला एकदाच अंगठा दाबावा लागला, आणि तोही त्याने टीव्हीकडे धड न बघता, चहा पिता पिता दाबला.

दोष तसा त्याच्या नोकरीचा होता. संतोष हिंगोलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक. दिवसभर मुलांचे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायचे आणि पानाच्या तळाशी 'वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मान्य आहेत' असं आलं की दाबून पुढे जायचं. रोज दोन-तीनशे वेळा तरी तो मान्य करी. एकही अट त्याने आजवर वाचली नव्हती, आणि एकाही अटीने त्याचं आजवर काही वाकडं केलं नव्हतं.

आता लग्न गेमच्या यंत्रात कसं शिरलं ते सांगायला हवं. संतोषचे वडील हिरासिंग हे सेनगावकडच्या तांड्यावरचे शेतकरी. गुडघे गेले तसं शेत धाकट्याच्या हवाली करून ते हिंगोलीत थोरल्याकडे राहायला आले आणि आठच दिवसांत घराला वेड लागायची वेळ आली. पहाटे उठून ते कुंडीतली तुळस खुरपायचे, दुपारी गच्चीवर जाऊन ढगांना नावं ठेवायचे. शेवटी संतोषने एका मित्राचा जुना कन्सोल आणून टीव्हीला जोडला आणि त्यात शेतीचा गेम टाकून दिला. त्या दिवसापासून हिरासिंग परदेशात शेती करू लागले. तिथे पाऊस वेळेवर पडायचा, ट्रॅक्टर कधी बंद पडायचा नाही आणि गुडघ्यांचं काही काम नव्हतं. घर शांत झालं. पण जमीन पुरली असं म्हणणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. मागच्या आठवड्यात हिरासिंगांना नवं, मोठं शिवार हवंसं झालं, आणि कन्सोल म्हणाला की जागा संपली.

बाहेरून हार्ड डिस्क जोडली की जागा वाढते, हे संतोषने शोधून काढलं आणि शनिवारी एक काळी डिस्क आणूनही ठेवली. रविवारी सकाळी हिरासिंगांनी स्वतः कपाटातून डिस्क काढून त्याच्या हातात दिली. "हे घे. रिकामीच हाय."

संतोषने ती जोडली. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या, खाली होय आणि नाही. त्याने होय केलं. यंत्राने डिस्क आपल्या कामापुरती स्वच्छ केली आणि हिरासिंगांचा गेम तिच्यावर हलवायला सुरुवात केली. एवढ्यात त्याची बायको निता पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, नवी डिस्क तर इथं खोक्यातच हाय. मग तुमी काय जोडलं?"

घरात दुसरी काळी डिस्क एकच होती. संतोषचा चहा तसाच थंड झाला.

त्या डिस्कवर पाच वर्षांपूर्वीचं संगिताचं लग्न होतं, चौदा तासांचं. चौदा तास बघायला सवड कोणालाच नव्हती, म्हणून ते कोणी पूर्ण पाहिलं नव्हतं. पण त्यावर हिरासिंगांची सगळी इज्जत उभी होती. कारण संगिताचे सासरे मोहनसिंग लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून एकच सांगत आले होते, की लग्नात मानाचा फेटा सगळ्यांना बांधला, नवऱ्या मुलाच्या बापाला तेवढा बांधला नाही. आणि हिरासिंग पाच वर्षं, फोनवर, बाजारात, लोकांच्या लग्नाच्या पंगतीत एकच उत्तर देत होते, "बांधला. डिस्कमधी पुरावा हाय."

पुरावा आहे म्हटल्यावर भांडण मिटायला हवं होतं, पण ते वाढलंच. संगिताच्या मुलाचं जावळ अडलं. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवावं लागतं, आणि ज्या घरानं फेटा बांधला नाही त्या घरच्या मांडीवर माझा नातू बसणार नाही, असं मोहनसिंगांनी जाहीर केलं होतं. पहिलं वर्ष गेलं. आता तिसरंही संपायला आलं होतं. मुलाच्या दोन वेण्या पाठीवर लोंबत होत्या आणि अंगणवाडीच्या बाईंनी त्याला मुलींच्या यादीत घातलं होतं. शेवटी संगिता रडली तेव्हा मोहनसिंग म्हणाले, "येतो रविवारी चारला. दाखवा पुरावा. फेटा दिसला तर तिथंच जावळाची तारीख काढू. न्हाई दिसला, तर केस पाचव्या वर्षी."

तो रविवार हाच होता.

संतोषने वारंगा फाट्यावरच्या अय्याजला फोन लावला. लग्नाचं शूटिंग त्यानेच केलं होतं.

"अय्याजभाई, संगिताच्या लग्नाची कॉपी आहे का तुमच्याकडं?"

"पाच साल झाले, संतोषभाऊ. वर्षभर ठेवतो मी. मग दुसऱ्याचं लग्न टाकावं लागतं ना त्याच्यावर. काहून?"

संतोषने सांगितलं.

"पुसलं तरी परत निघतं," अय्याज म्हणाला. "पण त्याच्यावर नवीन काही लिहू देऊ नका. जेवढं लिहिलं तेवढं गेलं. काही लिहून राहिलं का आता?"

संतोषने टीव्हीकडे पाहिलं. गेम सात टक्के हलला होता. तो वायरकडे धावला, पण मध्ये हिरासिंग पाय लांब करून बसले होते.

"बा, पाय घ्या. वायर काढायची हाय."

"आता काहून काढतो? निम्मं काम झालं."

"सात टक्के झालं. आन् तिच्यावर संगिताचं लग्न हाय."

"असंल. गेलं ते गेलं," हिरासिंग शांतपणे म्हणाले. "लेकीचं लग्न झालं, नांदून राहिली, लेकरू झालं. आता पाहून काय करायचं?"

"आन् तुमचा पुरावा?"

"मोहनसिंगाला सांगू मशीननं खाल्ला."

ज्या माणसाने पाच वर्षं पुराव्याचं नाव काढलं नाही असा एक दिवस जाऊ दिला नाही, तो इतका थंड कसा, हे विचारायला संतोषला वेळ नव्हता. त्याने बापाच्या पायावरून उडी मारली आणि नऊ टक्क्यांवर वायर उपटली. डिस्क रुमालात गुंडाळून त्याने शर्टाच्या खिशात घातली, वरून स्वेटर घातला आणि मोटरसायकलला लाथ मारली.

हिंगोली ते वारंगा फाटा हा रस्ता त्याने आयुष्यात इतक्या अस्वस्थपणे कधी केला नव्हता. कळमनुरीपर्यंत त्याने तीनदा गाडी थांबवून खिसा चाचपला. पुढे त्याला वाटू लागलं की खड्ड्यांमुळे आतलं लग्न हलत असेल, म्हणून तो इतका हळू चालवू लागला की सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टरसुद्धा त्याला मागे टाकून गेला. मग उशीर होतोय म्हणून त्याने वेग घेतला, आणि पुन्हा खड्डा आला.

अय्याजने डिस्क कॉम्प्युटरला जोडली, काहीतरी चालू केलं आणि खुर्ची मागे सरकवून बसला. "आता टेन्शन घेऊ नका. निघेल तेवढं निघेल."

संतोष बसला, उठला, बाहेर जाऊन हायवे बघून आला, परत बसला. साडेबाराला निताचा फोन आला.

"ते आले."

"कोण ते? चारला यायचे होते ना?"

"लवकरची बस भेटली म्हणं. संगिता हाय, लेकरू हाय."

"काय करून राहिले?"

"तुमचे बा गेम खेळून राहिले आन् मोहनबापू बाजूला बसून चुका काढून राहिले. पेरणी उथळ झाली म्हणतेत."

"त्यांना जेवायला वाढ. काही सांगू नको."

एक वाजता लग्नाचे तुकडे बाहेर पडायला लागले. नावं गेली होती, क्रमही गेला होता. आधी जेवणाची पंगत निघाली, मग हळद, मग पुन्हा पंगत. सुरुवातीची वरात तेवढी गेमने खाल्ली होती, बाकी बहुतेक लग्न शाबूत होतं. संतोषच्या जिवात जीव आला. "आता फेटा शोधा," तो म्हणाला. पाऊण तासाने अय्याजने अकरा मिनिटांचा एक तुकडा उघडला आणि दोघं पुढे झुकून बघू लागले.

मांडवात मानकऱ्यांची रांग उभी होती. हिरासिंग हातातल्या पिशवीतून एकेक गुलाबी फेटा काढून बांधत होते. रांगेत सगळ्यात शेवटी, मोठ्या मानाचा म्हणून, मोहनसिंग उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती आणि आपली पाळी आली तसं डोकं वाकवलं. हिरासिंगांनी पिशवीत हात घातला. पिशवी उलटी केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तेवढ्यात आचाऱ्याने कुठूनतरी तेल संपल्याची हाक दिली आणि हिरासिंग सुटका झाल्यासारखे तिकडे पळाले. मोहनसिंग तसेच, डोकं वाकवून, उभे राहिले. बराच वेळ. मग त्यांनी हळूच आपली टोपी पुन्हा घातली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, अशा बेताने सगळीकडे नजर फिरवली.

संतोषला फार वाईट वाटलं. पाच वर्षं तो माणूस खरं बोलत होता, आणि आपण सगळे त्याला हट्टी म्हणत आलो होतो.

"काय करायचं?" अय्याजने विचारलं.

"बाकीचं लग्न तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवा. हा तुकडा तेवढा डिस्कवर टाका. तुमच्याकडं ठेवू नका."

"दाखवणार?"

"माहीत न्हाई."

परत येताना खड्ड्यांकडे त्याचं लक्षच नव्हतं. दाखवलं तर बाप व्याह्यासमोर खोटा पडणार. नाही दाखवलं तर जावळ पाचव्या वर्षी, आणि संगिताच्या पोराच्या वेण्या कमरेला लागणार. दोन्हीकडून मरण. घर येईपर्यंत त्याने चारदा दाखवायचं ठरवलं आणि चारदा नाही.

दारात पाय टाकला तसं सगळ्यांनी वळून पाहिलं. मोहनसिंगांच्या हातात गेमचा रिमोट होता. त्यांनी हार्वेस्टर शेताच्या मधोमध थांबवला. संगिता मुलाची वेणी घालता घालता थांबली. हिरासिंगांचा चेहरा संतोषने असा कधी पाहिला नव्हता. परीक्षेचा निकाल लागताना मुलांचा होतो तसा झाला होता.

"भेटलं का?" हिरासिंगांनी विचारलं.

संतोषने बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई. न वाचता बटण दाबलं. चूक माझी हाय, मोहनबापू. पुरावा गेला."

मोहनसिंगांनी रिमोट खाली ठेवला. "म्हंजे माझं खरं का इवायाचं खरं, आता कोणालाच कळणार न्हाई."

"न्हाई."

"मग जावळ..." संगिता म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना.

हिरासिंग उठले. गुडघे कटकन वाजले. ते आतल्या खोलीत गेले, लोखंडी पेटीचं झाकण वाजलं, आणि ते हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत गुलाबी फेटा होता, घडीसुद्धा न मोडलेला.

"इवाई," ते मोहनसिंगांकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी घाईत बांधला होता मी. नीट बसला नसंल, म्हणून तुमच्या ध्यानात न्हाई. आज पुन्हा बांधतो."

मोहनसिंग त्या फेट्याकडे बघत राहिले. घडीकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पाच वर्षांचं भांडण जिंकायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्यांच्या ओठांवर आलेलं संतोषला स्पष्ट दिसलं. मग त्यांनी टोपी काढली आणि मांडवात वाकवलं होतं तसंच डोकं वाकवलं.

"व्हय," ते खालमानेने म्हणाले. "आता याद येऊन राहिलं. बांधला होता. लवकर सुटला म्हणून इसरलो."

संगिता पुन्हा रडली, पण या वेळी कोणी घाबरलं नाही. जावळाची तारीख पुढच्या गुरुवारची ठरली. संतोषने खाली पडलेली पिशवी उचलली, आणि त्याला तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. अय्याजचं अक्षर होतं, 'संगिताचं लग्न'. सकाळी 'रिकामीच' म्हणून दिलेल्या डिस्कवरची चिठ्ठी. सोललेली, पण लेकीच्या लग्नाची म्हणून कचऱ्यात न टाकवलेली. तो बापाकडे बघत राहिला. हिरासिंग फार मन लावून फेट्याला पीळ देत होते.

"लई घट्ट नका बांधू," मोहनसिंग म्हणाले. "ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येत न्हाई."

"आमचं शिवार लहान हाय, म्हणून तुमाला आवाज मोठा वाटतो," हिरासिंग म्हणाले. "संत्या, ती डिस्क जोड आता. इवायालाबी जमीन लागंल."

संतोषने खिशातून डिस्क काढली आणि जोडली. पडद्यावर सकाळच्याच चार ओळी आल्या. या वेळी तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या अटी वाचल्या. यावर जे आहे ते सगळं पुसलं जाईल. ते परत आणता येणार नाही. तुमची खात्री आहे का?

"काय लिहिलंय?" मागून हिरासिंगांनी विचारलं. हातातला पीळ त्यांनी तसाच धरला होता.

"अटी हायेत."

"मग?"

"मान्य हायेत," संतोष म्हणाला आणि अंगठा दाबला.