हकीकत सगुणाबाई धोंड यांची, पहिल्या फळीच्या शेवटल्या बैठकीची

श्रीनादेश्वर प्रसन्न. चारी तारा सुरात राहोत, पावसाळी हवेत खुंट्या न सरकोत. विचारणारांनी विचारिले की, सगुणाबाई धोंड यांनी शेवटल्या बैठकीवरून काय पराक्रम केला तो लिहावा. त्यावरून पाहिले, ऐकिले, तितुके लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही.

शके १८९० चे साली बाईंचे वडील दौलतराव धोंड पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवीत होते, आणि त्यांचे मनी आले की आपण आयुष्य चालत चालत वाजविले, कन्येने खुर्चीवर बसून वाजवावे. म्हणोन तीस लहानपणीच मेस्त कायतान यांचे पायांवर घातली. मेस्त म्हणजे संगीताचे मास्तर, मूळचे गोव्याचे, चर्चमध्ये वाजवून वाढलेले, व्हायोलिनाचे कडक गुरू. त्यांनी पहिले वर्षभर बोट तारेस लावू दिले नाही, नुसता गज ओढविला, मग बोट लावू दिले आणि रोज म्हणावे, "बाय, सूर चुकला तर चुकू दे, पण भिऊन लावू नको. भिऊन लावलेला खरा सूरपण मला खोटाच ऐकू येता." ऐसे करता करता बाई थोर जाहल्या, आणि हनुवटीखाली व्हायोलिन धरून धरून मानेवर काळा घट्टा पडला. तों एक स्थळ सांगून आले. मुलाच्या मातोश्रींनी मान निरखिली आणि पुसिले, "हे जातं का?" बाई बोलिल्या, "रियाज सोडला तर जातं." मातोश्री म्हणाल्या, "मग सोडाल ना?" यावर बाई कपबशा उचलून आत गेल्या, आणि स्थळ बाहेर गेले.

ते समयी त्या नगरीत वाद्यवृंदाचे राज्य नांदत होते. महाराज हाती वीतभर काठी धरून उभे राहात, स्वये एकही सूर वाजवीत नसत, परंतु घाम सर्वांआधी त्यांस येई. व्हायोलिनांच्या पहिल्या फळीचे अग्रमानकरी विश्वंभरराव मुजुमदार. त्यांचा गज वर तर सर्वांचा वर, त्यांचा खाली तर सर्वांचा खाली, आणि जो जितुका मागे बसे त्याने तितुके हळू वाजवावे ऐसा शिरस्ता. मग एक जागा रिकामी जाहली. न्याय दिसावा म्हणोन पडद्याआड परीक्षा ठरविली. विश्वंभररावांचा भाचा पडद्यामागे खोकला, की मामांस खूण पटावी. ती मामांस पटली आणि महाराजांसही पटली, सबब भाचा गेला. त्याउपरि एकाचे वादन ऐकून महाराजांनी काठी खाली ठेविली आणि म्हणाले, "हे गृहस्थ घ्यावे." पडदा सारिला तो सगुणाबाई. विश्वंभरराव अदबीने बोलिले, "शेवटच्या बैठकीवर चालतील. तिथलं ऐकू येत नाही." तैसी आज्ञा जाहली.

शेजारी केरसाजी नामे प्रौढ पारशी मानकरी बसत. विरामी डोळे मिटीत, आणि आपला सूर येताच बिनचूक जागे होत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "डिकरी, इथून मोठ्याने वाजवशील ना, तर पुढच्याला वाटेल मागून कोणी ढकलते." बाईंनी मान्य केले. केस पिकू लागले, महाराज बदलले, परंतु बैठक बदलली नाही.

शके १९३१ मध्ये परमुलखातून मार्ताबाई नामे थोर व्हायोलिनवादक पाहुण्या आल्या, आणि भर मैफलीत त्यांची तार तुटली. ऐशा प्रसंगी अग्रमानकऱ्याने आपले व्हायोलिन पाहुण्यांस द्यावे, ही सर्व मुलखांची रीत. परंतु विश्वंभररावांनी आपले व्हायोलिन उराशी धरिले, आणि मागे वळोन म्हणाले, "तुमचं द्या." मागल्याने त्याच्या मागल्यास सांगितले, त्याने त्याच्या मागल्यास, आणि ऐसी ती आज्ञा सबंध फळी ओलांडून केरसाजींपाशी पोहोचली. केरसाजी म्हणाले, "माझ्या मागे तर भिंत आहे." तेव्हा सगुणाबाई उठल्या आणि आपले व्हायोलिन पुढे नेऊन दिले.

मग त्या रिकाम्या हाती बसल्या, आणि आपलेच वाद्य प्रथमच दुरून ऐकिले. ते गर्जले, मग ऐसे मृदू जाहले की सज्ज्यातले लोक पुढे वाकले. बाईंस आनंद व्हावा, तो न होता मनी आले, की हे सर्व यात होते आणि आपण शिरस्त्याच्या नावे भिऊन कोंडोन ठेविले. मैफल सरली, विश्वंभररावांनी टाळ्या लवून स्वीकारिल्या. मार्ताबाई मात्र शेवटल्या बैठकीपाशी चालत आल्या, व्हायोलिन हाती दिले आणि पुसिले, "हे काल तालमीत मला का ऐकू आलं नाही?"

दरबाराने या प्रसंगातून बोध घेतला तो ऐसा: शेवटल्या बैठकीपाशी एक जादा व्हायोलिन ठेवावे. ठराव एकमते जाहला.

पुढील तालमीस बाईंनी पूर्ण गज ओढिला. फळीतील माना वळल्या. विश्वंभरराव थांबोन बोलिले, "महाराज, मागून फार ऐकू येतंय." महाराज नवे होते, त्यांस शिरस्ता पुरता ठाऊक नव्हता. त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "हो, आणि सुरात येतंय. आपण त्याला धरून वाजवा." केरसाजी त्या दिवशी विरामातही जागे राहिले. विश्वंभररावांनी तंटा केला नाही. परंतु दुसरे दिवशी त्यांचे स्वरलिपीचे कागद ठेवावयाच्या घोडीवर लहानसा आरसा लागला. पुसता म्हणाले, "केस विस्कटतात." तेथून पुढे बाईंचा गज वर गेला की त्यांचा वर, आणि त्यांचा पाहोन सर्व फळीचा वर, आणि वर्तमानपत्री लिहोन आले की, विश्वंभररावांचे नेतृत्व उतारवयात बहरास आले.

एणेप्रमाणे जाहले. सगुणाबाई शके १९४२ मध्ये सेवानिवृत्त जाहल्या. तोवर आसन तेच, मान तोच, आणि वाजविणे मात्र आपले. त्यांस शाल-श्रीफळ दिले, भाषण विश्वंभररावांनी केले, त्यात बाईंचे आडनाव चुकले. पुढील मैफलीस पहिली फळी चार दिशांस चार गेली. कारण शोधावयास समिती बसली. तिने अहवाल दिला की, सभागृहातील दिवे बदलावे. दिवे बदलिले आहेत.