परिषदेचा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक डबकं होतं आणि त्याचं नाव होतं महासागर. हसू नका. आजूबाजूला दुसरं डबकं नसलं की आपल्या डबक्याला असलंच काहीतरी नाव ठेवायची पद्धत असते. या महासागरात बेडूक राहत.

महासागराचे तीन काठ उभे आणि चिकणमातीचे होते. मोठे बेडूक काय, एक उडी मारली की बाहेर. ज्यांना उडी येत नसे, त्यांच्यासाठी चौथ्या काठावर एक उतरता दगड होता. अर्धा पाण्यात, अर्धा उन्हात. उडी येत नसताना बाहेर यायचं, तर तेवढा एकच रस्ता.

आता एक गुपित सांगतो. कान इकडे करा. प्रत्येक बेडकाला लहानपणी शेपूट असतं. तेव्हा तो बेडूकमासा असतो आणि माशासारखा पाण्यातच श्वास घेतो. मग त्याला पाय फुटतात, शेपूट आटत जातं, कल्ले मिटतात, आणि एके दिवशी पाण्यात दम कोंडायला लागतो. तेव्हा वर हवेत यावं लागतं. झालं, एवढंच गुपित.

महासागरातल्या मोठ्या बेडकांना हे माहीत होतं, पण ते चारचौघांत बोलायचं नसतं असं ठरलेलं होतं. घरात कुणी 'शेपूट' शब्द काढला की आई लगेच विचारी, "जेवलीस का?" शाळेच्या पुस्तकात शेपटावर एक अख्खा धडा होता. तो आला की गुरुजी घसा खाकरत आणि म्हणत, हा तुम्ही घरी वाचा, हा परीक्षेला येत नाही. मग ते पुढचा धडा घेत. तो डासांचा होता. तो गुरुजी असा रंगवून शिकवत की वर्गाच्या तोंडाला पाणी सुटे.

या डबक्यात शेवाळी नावाची एक मुलगी होती. तिला मागचे दोन पाय फुटले, तेव्हा आधी तिला वाटलं की आणखी दोन शेपटं आली. ती लाजून आठवडाभर कमळाच्या देठामागे बसून राहिली. मग पुढचे हात फुटायला लागले आणि बगला ठणकू लागल्या. तोंड या कानापासून त्या कानापर्यंत रुंद झालं, आणि बेडकांना बाहेरून दिसणारे कान नसतात, म्हणजे बघा किती झालं असेल. जे शेवाळ ती लहानपणापासून आवडीनं खायची, ते तिला नजरेसमोर नकोसं झालं. त्यातून नाव शेवाळी. आईनं नुसती हाक मारली तरी तिला मळमळे.

पण सगळ्यात वाईट गोष्ट शेपटाची होती. ते रोज आखूड होत होतं. शेवाळीनं मनाशी हिशेब केला: आज शेपूट, मग पोट, मग डोकं. आपण विरघळतोय याबद्दल तिला शंका उरली नाही. हल्ली छातीतही काहीतरी अडकल्यासारखं होई. तिनं एकदा धीर करून आईला विचारलं, "आई, मी विरघळतेय का गं?"

आई म्हणाली की हे सगळं खोल पाण्यात उशिरापर्यंत खेळल्यामुळं होतं. लवकर झोपावं, त्या पोरांच्या घोळक्यात बसू नये, आणि शेवाळाचा काढा घ्यावा. हे सांगताना आईचा हात आपोआप स्वतःच्या पाठीमागं गेला आणि तिथून चटकन परत आला. शेवाळीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती काढ्याच्या वासानं हैराण झाली होती.

पोरांच्या घोळक्यातही काही धड नव्हतं. बुडबुड नावाच्या तिच्या मित्राला एकच पाय आधी फुटला होता. त्यामुळं तो सरळ पोहायला निघाला तरी गोल गोल फिरे. 'मला असंच आवडतं,' असं तो सगळ्यांना सांगायचा. कुणी विचारलेलं नसायचं.

अशात बातमी आली की महासागरात जागतिक परिषद भरणार. डबक्याचे अध्यक्ष श्रीयुत गालफुगे यांनीच ती खेचून आणली होती. विषय होता, 'अर्धवट बेडकांचं आरोग्य'. 'अर्धवट' हा शब्द कुणाच्या मनाला लागेल म्हणून त्यावर दोन बैठका झाल्या आणि विषय बदलून 'उमलत्या बेडकांचं आरोग्य आणि सर्वांगीण कल्याण' असा ठेवला. उमलत्या बेडकांना बैठकीला बोलावलं नव्हतं. त्यांना स्वागतगीत बसवायला सांगितलं होतं.

परिषदेला जागा कोणती? उन्हातली हवी, बसायला ऐसपैस हवी, वाऱ्यावरची हवी. असा महासागरात एकच दगड होता.

ठरल्या दिवशी देशोदेशींचे बेडूक बदकांच्या पाठीवर बसून आले. बदकांनी वाटेत दोन प्रतिनिधी खाल्ले, म्हणून आरंभी दोन मिनिटं स्तब्धता पाळायचं ठरलं. बेडकांना दोन मिनिटं गप्प बसवणं सोपं नाही. ती दोन मिनिटं तुकड्यातुकड्यांनी पूर्ण करावी लागली. मग काजव्याला भरदिवसा उठवून दीपप्रज्वलन केलं. तो डोळे चोळत आला आणि पेटेचना. शेवटी अध्यक्षांनी तो पेटला असं जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या.

दगडावर पाहुणे दाटीवाटीनं बसले. शेवाळीची आई स्वागत समितीत होती. ती दगडाच्या कडेला शालींचा गठ्ठा सांभाळत उभी होती. आणि दगडाच्या पायथ्याशी, पाण्यात, उमलते बेडूक रांगेत उभे होते. शेवाळी पहिल्या रांगेत होती. बुडबुडला मधोमध उभं केलं होतं, म्हणजे तो फिरला तरी रांग मोडू नये.

गाणं सुरू झालं आणि पहिल्याच कडव्यात शेवाळीचा श्वास संपला. तिनं पाणी आत घेतलं, पण त्याचा उपयोग होईना. तिनं तोंड पाण्याबाहेर काढलं, हवेचा घोट घेतला आणि पुन्हा खाली घसरली. शेजारच्या पोरांचं तेच. सगळी रांग वर यायची, तोंड उघडायची आणि बुडायची. पाहुणे गहिवरले. वाळवंटातून आलेले पाहुणे म्हणाले की इतकं जीव तोडून गाणारी मुलं त्यांनी पाहिली नव्हती.

मग भाषणं सुरू झाली. वाळवंटाचे पाहुणे म्हणाले, आमच्याकडे पाऊस चार दिवस पडतो, त्यात मुलांना मोठं व्हावं लागतं, त्यांना उमलायला वेळच नाही. बर्फाच्या देशातले म्हणाले, आमची दोन दोन हिवाळे खोलीतून बाहेर येत नाहीत. पर्जन्यवनातल्या बाई म्हणाल्या, आमची आईच्या पाठीवर बसलेली आहेत आणि उतरायचं नाव काढत नाहीत. सगळ्या जगाची एकच काळजी आहे हे ऐकून सगळ्यांना फार बरं वाटलं. शेपटाचा विषय निघाला की वक्ते त्याला 'मागील बाजूचे बदल' म्हणत आणि पाणी पीत.

शेवाळीनं वर पाहिलं. दगडावर ऊन होतं. हवा होती. गालफुग्यांच्या दोन पायांच्या मध्ये तिच्याएवढी जागा होती, पण तिथं त्यांचं पोट टेकलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले, आणि ते त्या झोपाळू काजव्यापेक्षा खूपच चांगले पेटत होते. तिनं होता नव्हता तो जोर लावून तोंड वर काढलं.

"काका, जरा सरकता का? दम कोंडतोय."

मग गालफुग्यांनी गाल फुगवले आणि भरल्या आवाजात म्हणाले की हाच तो उमलत्या पिढीचा आवाज, याचसाठी आपण जमलो आहोत. बर्फाच्या पाहुण्यांनी विचारलं, हे सरकणं नेमकं मानसिक की सामाजिक? वाळवंटाचे म्हणाले, कोणी सरकायचं आणि किती, हे आधी ठरवावं लागेल. पर्जन्यवनातल्या बाईंना भीती होती की एकदा सरकलं की सवय लागेल. शेवटी सरकण्याची गरज तत्त्वतः मान्य झाली आणि पुढल्या वर्षी अहवाल देण्यासाठी समिती नेमली गेली. नंतर चहाची सुट्टी झाली. चहा जागेवरच दिला, त्यामुळं कुणाला उठावं लागलं नाही.

शेवाळी बुडाली. वर आली. पुन्हा बुडाली.

दगडाच्या कडेवरून आईनं ते पाहिलं. तिला आधी वाटलं की पोरगी गाण्यात चुकतेय. मग तिनं नीट पाहिलं. शेवाळीचे ओठ निळे पडले होते. आणि आईला पाठीमागं, जिथं काही नव्हतं तिथं, खाज सुटली. तिला हाच दगड आठवला. असंच ऊन आठवलं. आपणही एकदा इथं, अशाच, कुणाला काही न सांगता मरत होतो हे आठवलं.

तिनं शालींचा गठ्ठा शेजारणीच्या हातात दिला, "जरा धरा हो" म्हणाली, आणि दगडावरून पाण्यात घसरली. डुबुक.

दगडाच्या कडेला एका बेडकाची जागा रिकामी झाली. आईनं शेवाळीला खालून डोक्यानं ढकललं. शेवाळी नव्या पायांनी खरडत, घसरत, पुन्हा खरडत वर गेली आणि उन्हात पालथी पडली. तिनं श्वास घेतला. पहिला जरा वाकडा गेला, त्याची उचकी झाली. दुसरा सरळ आत गेला, पार पायांपर्यंत. तिसरा घेताना तिला हसू फुटलं.

आईनं पाण्यातून डोकं वर काढलं. "मलाही होतं," ती म्हणाली. "शेपूट. तुझ्याहून लांब होतं. कुणी विरघळत नाही गं."

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मी माझ्या आईला विचारलं होतं," आई म्हणाली. "तिनं मला विचारलं, जेवलीस का."

आता शेवाळी इतकी हसली की तिचं उरलंसुरलं शेपूट दगडावर फटफट आपटू लागलं. तो आवाज खाली पोरांनी ऐकला. आपल्यासारखीच एक वर आहे, उन्हात आहे आणि जिवंत आहे, एवढं त्यांना पुरे होतं. बुडबुड निघाला. तो निघाला सरळच, पण सवयीनं वळत वळत गालफुग्यांच्या पायावर चढला, तिथून पोटावर, आणि गोल फिरून थेट डोक्यावर जाऊन बसला. मागून सगळी रांग आली. प्रतिनिधी एकेक करून पाण्यात पडू लागले. डुबुक. डुबुक. आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ तोंड उघडून पडले, त्यामुळं आभार बुडबुड्यांतून मानले गेले.

दगड पोरांनी भरून गेला. सगळी एकमेकांची शेपटं बघत होती आणि कुणाचं सगळ्यात आखूड यावर भांडत होती. 'शेपूट' हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं बोलला गेला की गुरुजींनी कमळाच्या पानाखाली तोंड लपवलं. आभाळ मात्र कोसळलं नाही. शेवाळीनं मुद्दाम वर बघून खात्री केली. मग तिला भूक लागली. समोरून डास चालला होता. तिनं तो आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला, आणि डासांचा धडा गुरुजी का रंगवत हे तिला कळलं.

परिषदेचा अहवाल यथावकाश आला. 'उमलत्या पिढीला आम्ही अक्षरशः डोक्यावर घेतलं', असं त्यात गालफुग्यांनी लिहिलं होतं. त्या ऐतिहासिक घटनेची आठवण म्हणून दगडाला 'कल्याणशिळा' असं नाव दिलं, भोवती वेताचं कुंपण घातलं आणि पाटी लावली: 'मुलांनी येथे चढू नये.'

कुंपण लागलं त्याच दिवशी पाटीसकट नाहीसं झालं. कुणी काढलं ते महासागरात कुणालाच ठाऊक नाही. शेवाळीची आई तर चौकशीला आलेल्या गालफुग्यांना एवढंच म्हणाली, "जेवलात का?"

तात्पर्य : वडीलधाऱ्यांना पाय लावू नये, हे अगदी खरं आहे. फक्त, मुलांनो, तुमच्या कल्याणासाठी सभा भरली असेल आणि तुमचा दम कोंडत असेल, तर आधी नम्रपणे सरकायला सांगावं, मग खुशाल डोक्यावर पाय देऊन वर जावं. वडीलधारे रागावणार नाहीत. आपणच तुम्हाला उचललं, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहील.