सहा आकडी गुपित

आमच्या घरात आजवर जेवढी यंत्रं आली, तेवढी सगळी माझ्या हाताखालून गेली, आणि एकाचंही पुस्तक मी वाचलं नाही. वाचणार कुठून? शाळेचं दार मी पाहिलं ते बाहेरून, भावाचा डबा द्यायला गेले तेव्हा. पण कुकर मी शिट्टीवरून शिकले, मिक्सर घरघरीवरून आणि इस्त्री ओल्या बोटावरून. टीव्हीचा रिमोट तर मुलगा चष्मा शोधेपर्यंत मी अंधारात अंगठ्याने चालवून मोकळी होते. (हे सगळं मी फोनपुढे बोलतेय आणि तो लिहून घेतोय. गुणी आहे हो. उलट उत्तर देत नाही. घरात असा तो एकच.) अक्षरं मला येत नाहीत, पण शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे माझ्या ओळखीचे, आणि एकदा पाठ केलेला नंबर मी विसरत नाही. दूधवाल्याचा, डॉक्टरांचा, धाकट्या नणंदेचा, तिने बदललेला आणि त्याआधीचाही.

हे अशासाठी सांगतेय, की पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी समजू नये. ते जास्तीच्या ज्ञानातून झालं.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांना एक फोन आला. समोरच्याने गोड बोलून त्यांच्या मोबाइलवर आलेला आकडा काढून घेतला आणि त्यांचं बँकेतलं खातं धुऊन नेलं. त्याच संध्याकाळी मुलाने मला समोर बसवलं. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट थेंबाथेंबाने सांगतो.

"आई, फोनवर सहा आकडी नंबर येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो कुणाला सांगायचा नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

"सूनबाईला?"

"तिलाही नाही."

"आणि तू मागितलास तर?"

इथे त्याने जरा विचार केला. (तो विचार करतो तेव्हा घरातलं काहीतरी फुटतं, हा माझा अनुभव.) "मी मागितला तरी नाही. आता अशी यंत्रं निघालीत, हुबेहूब माझ्या आवाजात बोलतात."

"बरं," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हा आकडा माझ्याकडून ब्रह्मदेवालाही मिळणार नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, जी मला त्या वेळी कुणी सांगितली नव्हती. सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिने माझ्यासाठी कपडे धुण्याचं मशीन मागवलं होतं. गुपचूप, माझ्या नावावर, माझा मोबाइल नंबर देऊन. आईंना वाचता येत नाही, तेव्हा निरोप आला तरी गुपित फुटणार नाही, असा तिचा हिशेब. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हेही तिला ठाऊक. "मशीनमध्ये कॉलर निघत नाही" हे मी चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलेय. मशीन यायचं होतं शनिवारी, ती घरी असताना. आलं गुरुवारी, मी एकटी असताना.

गुरुवारी सकाळी फोन टिंग वाजला. बघितलं तर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं आणि त्यात आकडे. दोन ठिकाणी होते. एका ठिकाणी सहा, एका ठिकाणी चार. मुलाने सांगितलं होतं सहा. म्हणजे हाच तो. मी तो पाठ केला, तीनदा मनात म्हटला आणि ओठ मिटले.

दुपारी दोनला बेल वाजली. मी आतलं लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं बंदच ठेवलं. बाहेर दोन माणसं आणि मध्ये माझ्या खांद्याएवढं खोकं. एकाच्या डोक्यावर टोपी, एकाच्या खांद्यावर ओझं बांधायचा पट्टा. दोघांच्याही कानशिलांवरचे केस पिकलेले आणि तीन मजले चढून तोंडाला फेस.

"आजी, वॉशिंग मशीन."

"चुकलात बाबांनो. आम्ही काही मागवलं नाही."

टोपीवाल्याने आपल्या मोबाइलमध्ये बघून माझं नाव वाचलं. सबंध, आडनावासकट. माझं सबंध नाव याआधी कुणी घेतलं होतं ते मतदानाच्या दिवशी. ऐकून छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

"ऑर्डर तुमच्याच नावावर आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त कोड सांगा, आम्ही मशीन आत ठेवून जातो."

कोडं सांगा? आता माणूस एवढं ओझं चढवून आला आणि कोडं सांगा म्हणतोय, तर नाही कसं म्हणायचं. म्हटलं असेल कंपनीची काहीतरी गंमत. हल्ली साबणाच्या वडीवरसुद्धा बक्षिसं असतात.

"ऐका तर मग," मी म्हटलं. "दाणे खातं, पीठ सांडतं, बसल्या जागी गरगर हिंडतं. काय?"

टोपीवाल्याने पट्टेवाल्याकडे बघितलं. पट्टेवाला भला माणूस. त्याने कपाळाला आठ्या घालून खरोखर विचार केला.

"मिक्सर."

"जातं."

"पण मिक्सरही बसतोय की, आजी."

बसत होता. मला ते आत कुठेतरी लागलंही. माझ्या लहानपणी कोड्याला एकच उत्तर असायचं, हाताने फिरवायचं. आता प्रत्येकाला दुसरं एक उत्तर निघालंय, बटणाचं. मी त्याला अर्धे गुण दिले.

"कोडं नाही हो आजी," टोपीवाला म्हणाला. "कोड. मोबाइलवर आलेला आकडा. ओटीपी."

ओटीपी. हा शब्द कानावर पडला आणि मी जाळीच्या दाराला आतून दुसरी कडी घातली.

"असं होय," मी म्हटलं. "मशीन दाखवून आकडा काढायचा. शिवणवाल्या ताईंकडे नुसता फोन करून काम झालं, माझ्यासाठी खोकं आणावं लागलं. बरं वाटलं."

"आजी, आकडा नाही तर मशीन परत न्यावं लागेल. चारला गाडी निघते. एकदा परत गेलं की ऑर्डर रद्द."

"खुशाल न्या."

"घरात दुसरं कुणी नाही का?"

(हे चोर आधी विचारतात, मला माहीत आहे.) "सहाजण आहेत. आत झोपलेत."

एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि पोस्टमन भाऊजी बाहेर आले. ते आता निवृत्त आहेत, पण तीस वर्षं याच भागात टपाल वाटलंय. कुठे आवाज झाला की आपल्यासाठीच बोलावणं आहे असं त्यांना अजून वाटतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, तो आकडा माझ्या कानात सांगा. आयुष्यभर लोकांची पाकिटं वाटली, एक फोडलं नाही."

"म्हणूनच सांगत नाही, भाऊजी. या वयात तुमच्या नावाला बट्टा नको."

भाऊजींनी माझ्या मुलाला फोन लावला. दोन मिनिटांत माझा फोन वाजला.

"आई, मी बोलतोय."

"मी कोण?"

"अगं, मी. त्या माणसांना नंबर सांगून टाक. मशीन आपलंच आहे."

आवाज हुबेहूब. वाक्याच्या शेवटी नाक ओढायची सवयसुद्धा उचलली होती. मी मनातल्या मनात यंत्राला मानलं.

"तू माझा मुलगा कशावरून?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"शाळा बुडवलीस तेव्हा कुठे लपला होतास?"

"आई, समोर साहेब बसलेत."

"खऱ्या मुलाला आईपुढे साहेब आठवत नाहीत."

मग खालच्या आवाजात, "पाण्याच्या पिंपात."

"रिकाम्या की भरलेल्या?"

"रिकाम्या."

"अर्ध्या. म्हणून तर शिंकलास आणि सापडलास. बरं, एक संधी देते. मी तुला लाडाने काय म्हणायची?"

"आई, फोन स्पीकरवर आहे."

"मग सगळ्यांनाच कळू दे."

पलीकडे कुणीतरी खोकलं. मग माझ्या मुलाच्या आवाजात, एकेक अक्षर सुटं सुटं ऐकू आलं, "ढब्बू."

हे नाव मला, त्याला आणि त्याच्या वडिलांना सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि वडील तर गेले. जे यंत्र इथवर पोचलं, ते काय वाट्टेल ते करील. मी फोन बंद केला, पिठाच्या डब्यात खोल पुरला आणि झाकण लावलं. (मुलाच्या ऑफिसात आता शिपाईसुद्धा त्याला ढब्बूसाहेब म्हणतात. माझ्याशी तो चार दिवस नाक ओढून बोलला.)

बाहेर दोघं खोक्याला टेकून जिन्याच्या चौकात बसले होते. पट्टेवाला टोपीने वारा घेत होता, टोपी दुसऱ्याची. चोर असला तरी माणूस आहे. मी चहा टाकला. पण जाळीतून कप जाईना. मग मी त्यांना बाहेर भाऊजींचे पेले धरायला लावले आणि आतून किटलीच्या चोचीने चहा ओतला. एक थेंब खाली सांडला नाही. टोपीवाला म्हणाला, "आजी, एवढा विश्वास आहे, तर आकडा का नाही सांगत?"

"चहा दिला तर माझा चहाच जाईल," मी म्हटलं. "आकडा दिला तर घर जाईल."

त्याने भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान हलवली. पोस्टातल्या माणसाला नियमाची किंमत कळते.

पावणेचारला जिन्यावर धावती पावलं वाजली आणि मुलाने फोन करून पिटाळलेली सूनबाई वर आली. अंगात लॅबचा पांढरा कोट तसाच, श्वास लागलेला.

"आई, दार उघडा. ते मशीन मी मागवलंय."

"तू? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. तुमच्यासाठी आहे. तुमच्या नावावर."

"मला नको. मशीनमध्ये कॉलर..."

"मागच्या रविवारी चादर पिळताना तुमच्या हातातून सुटली," ती जाळीला बोटं धरून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, साबण निसरडा आहे. तेव्हा चादरीला साबण लागला नव्हता, आई. मी बघत होते. सकाळी तुमची बोटं मिटत नाहीत, तुम्ही कपाचा कान सोडून धरता, तेही बघते."

भाऊजी जिन्याच्या कठड्याकडे बघायला लागले. टोपीवाल्याने घड्याळ बघितलं आणि हात खाली घेतला. ते त्याचं मला आवडलं.

काय सांगू तुम्हाला. सगळ्यांपासून झाकलेलं माझं एकच गुपित होतं, ते या पोरीने केव्हाच वाचून ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. आला तो अभिमान. म्हटलं, बघा, ही माझी सून. रक्त काचेखाली धरून बघणारी. हिच्यापुढे माझी बोटं कसली लपतात.

मी दोन्ही कड्या काढल्या. तिला जवळ ओढलं, हाताचा आडोसा केला आणि सहाही आकडे तिच्या कानात सांगितले, एकही मागेपुढे न होता. आणि तिने काय करावं? वळून टोपीवाल्याला ते मोठ्याने ऐकवले.

"ताई," टोपीवाला म्हणाला, "हे सहा झाले. माझ्याकडे चारच खण आहेत."

"दोन वाढव," मी म्हटलं.

पोस्टमन भाऊजी एकदम खोकायला लागले. मला वाटलं चहा अडकला. पण पेला रिकामा होता.

सूनबाईने डब्यातून फोन उकरून काढला, कोटाला पुसला, चालू केला आणि निरोप वाचला. मग ती भिंतीला टेकली. खांदे हलत होते.

"आई, कोड चार आकडी आहे. तो शेवटी लिहिलाय. वरती आपला पत्ता आहे. तुम्ही सांगितलात तो पिनकोड."

टोपीवाल्याने चार आकडे टाकले. चारला पाच मिनिटं होती. दोघांनी मशीन उचललं, मोरीशेजारी बसवलं, नळी जोडली आणि जाताना पट्टेवाल्याने माझ्या पायाला हात लावला. मिक्सरचे उरलेले अर्धे गुण मी त्याला देऊन टाकले.

मशीनचं म्हणाल, तर तिसऱ्या दिवशी ते माझ्या ताब्यात होतं. पाणी घेताना कसं गुरगुरतं, कपडे जास्त झाले की कसं कण्हतं, सगळं मला भिंतीपलीकडून कळतं. सूनबाई पुस्तक उघडून बटणं शोधते, तोवर माझी पहिली फेरी वाळत पडलेली असते. आणि कॉलर निघते. आधी मी हाताने घासून घेते ही गोष्ट वेगळी.

पण त्या दुपारी माणसं गेल्यावर भाऊजी दारातच रेंगाळले.

"वहिनी, तो आकडा मी तीस वर्षं रोज हजार पाकिटांवर वाचलाय."

"वाचला असेल," मी म्हटलं. माझी मान अजून ताठच होती. "पण दोन तास तीन माणसं मागे लागली, पोटचा मुलगा मागे लागला, मी कुणाला पत्ता लागू दिला का?"

"नाही लागू दिलात," भाऊजी म्हणाले आणि माझ्या दाराशेजारच्या पाटीकडे बोट केलं.

आमच्या यांना सगळं पूर्ण लिहिण्याची हौस. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ती पाटी रंगवून घेतली होती. नाव, घराचा नंबर, रस्ता आणि सगळ्यात शेवटी, काळ्यावर पांढऱ्याने, बोटाएवढाले सहा आकडे. टोपीवाला सबंध दुपार त्याच पाटीसमोर खोक्याला टेकून बसला होता. धूळ दिसू नये म्हणून ती पाटी मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. आकडे जरा जास्तच घासून.